आभार तुमचे, पैसे सहकाऱ्यांचे: कारखान्यात मुलांच्या रुग्णालयासाठी निधी गोळा करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यात राहणारे आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत उत्पादन विभागात काम करणारे एक वडील विचारतात. त्यांच्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मतःच मोठे छिद्र होते. काही महिन्यांची असताना मुंबईतल्या मुलांच्या रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. आता ती बालवाडीत जाते, घरभर धावते. ‘तिन्ही शिफ्ट मिळून आम्ही तीन-चारशे माणसे आहोत. सगळ्यांकडून पैसे गोळा करून त्या रुग्णालयाला एक व्हेंटिलेटर द्यायची इच्छा आहे. पैसे माझ्या खात्यात घेऊ का? लोकांना करसवलत मिळेल का? साहेबांना काय सांगू? आणि कोणाला जबरदस्ती वाटू नये म्हणून काय करू?’

मी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आणि नंतर देणगी विभागात बरीच वर्षे काम केले. हल्ली गोव्यातल्या कार्यालयांना आणि कारखान्यांना अशा कामात मदत करते. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीची सगळी व्यवस्था त्याच्या उत्तरावर ठरते.

तुमच्या विभागातल्या माणसांनी तुमचे ते दिवस पाहिले आहेत. कोणी तुमची रात्रपाळी केली असेल, कोणी देवाला नारळ ठेवला असेल. अशा माणसांसमोर तुम्ही मुलीचा फोटो घेऊन उभे राहिलात, तर ‘मला जमणार नाही’ असे तोंडावर कोण म्हणेल? घराचा हप्ता थकलेला माणूसही खिशात हात घालेल. आणखी एक गोष्ट फार जपून सांगते. एवढ्या मोठ्या कंपनीत असे कोणीतरी असतेच, ज्याचे मूल रुग्णालयातून परत आले नाही, किंवा ज्यांच्या घरी अनेक वर्षे मुलाची वाट पाहणे चालू आहे. तुमची आनंदाची गोष्ट त्यांच्यापर्यंत वेगळी पोचते. त्यांना ती ऐकायची की नाही हे ठरवायची मोकळीक हवी. म्हणून टेबलाटेबलावर जाऊन मागू नका, शिफ्ट सुटताना फाटकावर उभे राहू नका. सूचना एकदा फलकावर लावा, एकदा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि शेवटच्या आठवड्यात एकदा आठवण करा. त्याहून जास्त नको.

सुपरवायझरकडे वसुली कधीच देऊ नका. ज्याच्या हातात माझी रजा आणि ओव्हरटाइम आहे, त्याने पुढे केलेली वही मला नाकारता येत नाही. मी एका ठिकाणी देणगीदारांची यादी रकमेसकट नोटीस बोर्डावर लावलेली पाहिली. दुसऱ्या दिवसापासून लोक खालच्या रकमा मोठ्याने वाचू लागले. त्या विभागात पुढे कोणत्याही चांगल्या कामासाठी पैसे निघाले नाहीत. तेव्हा यादी नको, ‘प्रत्येकी किमान पाचशे’ नको, आणि कोणत्या विभागाने जास्त दिले अशी चढाओढ तर अजिबात नको. कोणी दिले आणि किती दिले हे तुम्हाला स्वतःलाही कळू नये अशी व्यवस्था करा. तुमच्या मनात कोणाबद्दल काही राहणार नाही आणि त्यांनाही तुमच्यासमोर यायला संकोच वाटणार नाही.

कंत्राटी कामगारांचे वेगळे सांगायला हवे. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले इथल्या वसाहतींमध्ये बिहार, झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून आलेली मुले काम करतात. ठेकेदाराच्या हातून त्यांच्याकडे मागणी गेली की ती कपातच होते. त्यांच्यापर्यंत फक्त फलकावरची सूचना पोचू द्या, हिंदीतही लिहा. ज्याला द्यायचे तो देईल. दहा रुपये देणाऱ्याचेही तितकेच मनापासून आभार माना.

आता पैशांचा मार्ग. तुमच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. तुमच्या प्रामाणिकपणावर कोणाचीच शंका नसेल, तरी तीन महिन्यांनी कोणीतरी चहाच्या टपरीवर ‘एकूण किती झाले होते रे?’ असे विचारतो आणि तुमच्याकडे दाखवायला फक्त बँकेचे पासबुक असते, त्यात पगार, किराणा आणि देणगी एकत्र. शिवाय तुमच्या खात्यातून रुग्णालयात गेलेली रक्कम कागदोपत्री तुमची एकट्याची देणगी ठरते. बाकी कोणाचे नाव कुठेच राहत नाही.

चांगला मार्ग सरळ आहे. रुग्णालयाच्या देणगी विभागाला आधी ईमेल करा आणि त्यांच्याच खात्याचा तपशील व क्यूआर कोड त्यांच्या लेटरहेडवर मागवा. तो कागद जसाच्या तसा फलकावर लावा. कोड स्कॅन केल्यावर फोनवर कोणते नाव दिसायला हवे तेही खाली ठळक लिहा, कारण आजारी मुलांचे फोटो उचलून त्याखाली स्वतःचा कोड चिकटवणारे भामटे बरेच झाले आहेत. व्यवहाराच्या शेऱ्यात टाकायला दोन शब्दांची एक खूण रुग्णालयाशी ठरवून घ्या. मोहीम संपल्यावर त्या खुणेखाली एकूण किती आले, एवढेच ते तुम्हाला कळवतील.

ज्यांना पगारातून द्यायचे आहे त्यांच्यासाठी मनुष्यबळ विभागाकडून फॉर्म काढून घ्या. त्यात रक्कम, किती महिने, आणि ‘मी कधीही लेखी कळवून हे थांबवू शकतो’ हे वाक्य असलेच पाहिजे. सही केलेला फॉर्म थेट त्या विभागात जायला हवा, तुमच्याकडे नव्हे. लेखी संमतीशिवाय पगारातून काहीही कापले जाता कामा नये, मग काम कितीही चांगले असो. युनियन असेल तर साहेबांच्या आधी युनियनच्या पदाधिकाऱ्यांशी बोला. त्यांचा विरोध बहुधा देणगीला नसतो, न विचारता झालेल्या कपातीला असतो.

व्हेंटिलेटरबद्दल बोलू या, कारण तुमचे मन तिथे अडकले आहे आणि का अडकले असेल ते मी समजू शकते. शस्त्रक्रियेनंतर काचेपलीकडून तुम्ही ते यंत्र पाहिले असणार. मुलगी त्याच्या आधाराने श्वास घेत होती. तेच यंत्र दुसऱ्या मुलाला मिळावे असे वाटणे अगदी साहजिक आहे.

पण रुग्णालयाच्या बाजूने पाहा. व्हेंटिलेटर एकटा चालत नाही. त्याला दाबाखालची हवा आणि प्राणवायू लागतो, दर रुग्णाला नवी किंवा निर्जंतुक केलेली नळ्यांची जोडणी लागते, फिल्टर लागतात, सेन्सर लागतात, वॉरंटी संपल्यावर देखभालीचा वार्षिक करार लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्या खाटेशेजारी प्रशिक्षित परिचारिका लागते. नवजात बाळाचा एक श्वास काही मिलिलिटरचाच असतो, त्यामुळे मोठ्या माणसांसाठीचे प्रत्येक मॉडेल बाळाला चालतेच असे नाही. रुग्णालयाकडे एका कंपनीची यंत्रे असताना तुम्ही दुसरीचे आणून दिलेत, तर सुटे भाग वेगळे, शिकवणे वेगळे. बैल दारात बांधला आणि चाऱ्याची तजवीज केली नाही अशी गत होते. देणगीत आलेली आणि एका सुट्या भागासाठी कोपऱ्यात पडून राहिलेली यंत्रे मी पाहिली आहेत. त्यावरच्या संगमरवरी पाटीवर देणाऱ्याचे नाव मात्र चकचकीत असते.

म्हणून विचारताना ‘आम्ही व्हेंटिलेटर देतो’ असे म्हणू नका. ‘आमच्याकडून अंदाजे इतकी रक्कम येईल, तुमच्या मुलांच्या अतिदक्षता विभागात सध्या कशाची अडचण आहे?’ असे विचारा, आणि उत्तर विभागाच्या प्रमुख डॉक्टर किंवा मुख्य परिचारिकेकडून यावे असा आग्रह धरा. उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. औषधाचा थेंब न थेंब मोजून सोडणारे सिरिंज पंप हवे असतात, कारण तान्ह्या बाळाला औषध ताशी मिलिलिटरच्या अंशात द्यावे लागते. बाळाच्या पावलाला गुंडाळायचे ऑक्सिजन मोजणारे सेन्सर सतत खराब होतात, तेही हवे असतात. काविळीच्या बाळांसाठी निळ्या प्रकाशाचे दिवे, आयांना रात्री पाठ टेकायला आरामखुर्च्या, दूध काढून ठेवायला पंप आणि छोटा फ्रीज. यातल्या कशाचाही फोटो वर्तमानपत्रात छापून येत नाही, पण विभाग त्यावर चालतो.

आणि सगळ्यात जास्त गरज असते ती रुग्ण साहाय्य निधीची. तुम्ही मुंबईत राहिला आहात, तुम्हाला हे सांगायला नको. ऑपरेशनची सोय कुठून तरी होते. पण बाहेरून आणायच्या तपासण्या, खोलीभाडे, जेवण, दोन महिन्यांची बुडालेली मजुरी, पुन्हा तपासणीला यायचा खर्च, यात कुटुंब खचते. समाजसेवा विभागातली माणसे हेच पैसे शोधत असतात. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९पासून फक्त मुलांवर उपचार करते आहे, आणि मुंबईतल्या अशा मोठ्या रुग्णालयांच्या आवारात गोव्याची, सिंधुदुर्गाची, बेळगावची कुटुंबे नेहमी भेटतात. तुमच्या कंपनीतून आलेल्या पैशातून अशा पंधरा-वीस मुलांच्या परतीच्या तपासण्या झाल्या, तर ती मदत यंत्राहून कमी नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पाच-दहा लाखांखालच्या सामूहिक देणगीने यंत्राच्या मागे लागूच नये, या निधीत द्यावे.

देताना पत्रात हेतू नेमका लिहा. ‘मुलांच्या हृदयविकार विभागातील गरजू रुग्णांसाठी’ असे लिहिले तर पैसे तिथेच खर्च करण्याची जबाबदारी संस्थेवर येते. ‘कॉर्पस’ हा शब्द मात्र विचार करूनच वापरा. कॉर्पस म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि तिचे व्याज वापरायचे. रक्कम मोठी असेल तर ते उत्तम, पण लाखभर रुपयांच्या व्याजात एका मुलाचीही फारशी सोय होत नाही.

कोणीतरी नक्की विचारेल, ‘सरकारच्या योजना आहेत ना, मग आपण कशाला?’ प्रश्न वाजवी आहे, उत्तर तयार ठेवा. २०१६मध्ये सुरू झालेल्या गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. राज्यात न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांची तपासणी करते, आणि जन्मजात हृदयदोष सापडला तर पुढच्या उपचारांची वाट तिथून निघते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के वेगळे काढावे लागतात. हे सगळे आहे आणि ते चांगले आहे. देणगीची गरज पडते ती या योजनांच्या मर्यादा जिथे संपतात तिथे: दुसरे ऑपरेशन लागले, मुक्काम लांबला, कागदपत्र अपुरे पडले, किंवा खर्च उपचाराचा नसून राहण्याखाण्याचा आहे. (जाता जाता: हृदय शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. थिवीला किंवा मडगावला गाडीत बसणाऱ्या कितीतरी पालकांना हे माहीतच नसते.)

करसवलतीचे आमिष दाखवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती देणगीवरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली न मागता लागू होते, आणि २०२५-२६पासून त्यात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे तुमच्या शॉपफ्लोअरवरच्या बहुतेकांना पावतीचा कराच्या दृष्टीने उपयोग शून्य. जे मोठे अधिकारी जुन्या प्रणालीत आहेत त्यांना अशा न्यासाला दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळू शकते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि दोन हजारांवरची रक्कम रोख दिली असेल तर अजिबात नाही. वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीवर ही वजावट नाही, म्हणजे वर्गणी काढून यंत्र विकत घेऊन दिलेत तर कोणालाच नाही. २०२१-२२पासून संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे नाव आणि ओळख क्रमांक आयकर खात्याकडे मेअखेरीपर्यंत ऑनलाइन कळवावे लागू लागले, आणि त्यावरूनच प्रमाणपत्र निघते. म्हणून ज्यांना वजावट हवी आहे त्यांनी आपला पॅन थेट रुग्णालयाला कळवावा. कंपनीने सगळ्यांचे मिळून एकच धनादेश पाठवला तर प्रमाणपत्रही एकच येईल.

रोख पेटी ठेवायची असेल तर आणखी एक बाब. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की त्यावर ३० टक्के कर बसतो. पेटीत येणारी चिल्लर सहसा त्या मर्यादेच्या आतच राहील, तरी शक्यतो नावाची चिठ्ठी घालायला सांगा, चिठ्ठी आत राहील आणि थेट रुग्णालयात जाईल. पेटी कँटीनमध्ये कॅमेऱ्यासमोर ठेवा, कुलपाची किल्ली लेखा विभागात. उघडताना तिघे हजर असू द्या, त्यात तुम्ही नको. मोजणीचा कागद तिघांच्या सहीने त्याच दिवशी, आणि पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी बँकेत.

साहेबांकडे जाताना पैसे मागायला जाऊ नका, परवानगी मागायला जा. अर्ध्या पानाचा अर्ज पुरे: रुग्णालय कोणते, कालावधी किती, पैसे कुठे जाणार, हिशोब कोण देणार. परवानगी मिळाल्यावर, त्याच बैठकीत नव्हे, एक प्रश्न विचारून पाहा: कर्मचारी जितके देतील तितकीच भर कंपनी घालेल का? ज्या कंपन्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. आरोग्य त्यात बसते. मात्र तुमच्या खिशातले पैसे कंपनीच्या त्या २ टक्क्यांत धरता येत नाहीत, तिची स्वतःची भरच धरली जाते, आणि रुग्णालयाच्या न्यासाने त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असावी लागते. हा नोंदणी क्रमांक तुम्ही आधीच मागवून अर्जाला जोडलात तर तुमच्या वित्त विभागाचे अर्धे काम झाले. या खर्चाचा आराखडा बहुधा वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून फेब्रुवारीत मागण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये कानावर घातलेले बरे.

गोव्यात हमखास निघणारा एक मुद्दा परदेशातल्या माणसांचा. तुमच्या ग्रुपमधला मेसेज दुबईला, लंडनला, बोटीवरच्या चुलतभावाला जाणारच. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातल्या आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण ज्याने पोर्तुगीज किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी परकीय ठरते, तो मूळचा म्हापशाचा असो की मडगावचा, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरीही. ती फक्त परकीय देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेला, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. फलकावरच्या क्यूआर कोडवर ती आली तर रुग्णालय अडचणीत येते. तेव्हा मेसेजमध्ये एक ओळ घाला: ‘परदेशी नागरिकत्व असलेल्यांनी थेट रुग्णालयाच्या देणगी विभागाशी बोलावे.’

कार्यक्रम करायचा असेल तर आपल्याकडे त्याची उत्तम रीत आधीच आहे, ती म्हणजे पावणी, वस्तूंचा बोली लावून लिलाव. कारखान्यात चतुर्थीचा गणपती किंवा सत्यनारायण असेल, तर माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या मंडपीची) फळे, नारळ, कोणी घरून आणलेल्या नेवऱ्या, कोणाच्या परसातला केळीचा घड, यांची पावणी करा. देवळातल्या जत्रेत नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जाताना सगळ्यांनी पाहिले आहे. इथे मागणे कोणाकडेच जात नाही, ज्याला उत्साह आहे तो बोली लावतो, बाकीचे मजा बघतात. म्हणून मला हा प्रकार सगळ्यात आवडतो. बोली पुकारायला सगळ्या धर्मांच्या मित्रांना पुढे करा. नाताळात केकची, दोदोल या मिठाईची पावणी तितकीच रंगते. लकी ड्रॉची कुपने मात्र विकू नका. सरकारी परवानगीशिवाय पैसे घेऊन सोडत काढणे कायद्याने गुन्हा आहे, आणि सगळे करतात म्हणून रुग्णालयाचे नाव त्यात गुंतवणे बरे नाही.

ज्यांना पैसे द्यायचे नाहीत किंवा देता येत नाहीत त्यांच्यासाठी रक्तदान शिबिर घ्या. ते रक्त मुंबईला नव्हे, आपल्या बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा मडगावच्या रक्तपेढीत जाईल, आणि गोव्यातल्याच मुलांच्या उपयोगी पडेल. थॅलेसेमियाच्या मुलांना ठरावीक आठवड्यांनी रक्त लागत राहते. नवजात बाळाला एका वेळी अगदी थोडे लागते, तेव्हा एकाच दात्याची पिशवी छोट्या पिशव्यांत विभागून त्याच बाळासाठी राखता येते, म्हणजे बाळाला अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागत नाही. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे. दोन दानांत पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. रात्रपाळी करून आलेल्याला झोप झाल्याशिवाय रक्त देऊ देऊ नका.

मुलीची गोष्ट किती सांगायची? नाव नको, रुग्णालयाचे केसपेपर नकोत, नळ्या लावलेला फोटो तर मुळीच नको. ती मोठी होईल, याच वसाहतीत कदाचित नोकरीला येईल, आणि तिच्या छातीवरच्या व्रणाची माहिती कोणाला द्यायची हे तेव्हा तिने ठरवायचे आहे. वॉर्डातल्या दुसऱ्या मुलांचे फोटो, त्यांचे पालक हो म्हणत असले तरी, वापरू नका. त्या अवस्थेत पालक कशालाही हो म्हणतात. माझ्या मते एवढा मजकूर पुरतो:

‘माझ्या मुलीच्या हृदयावर ती तान्ही असताना मुंबईच्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आज ती बरी आहे. त्या काळात तुम्ही सगळे माझ्यामागे उभे राहिलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. त्याच रुग्णालयातल्या गरजू मुलांच्या उपचारांसाठी या महिन्यात निधी गोळा होत आहे. द्यायचे असल्यास पैसे खालील कोडवर थेट रुग्णालयात जातील. कोणी दिले, किती दिले हे मला कळणार नाही. न दिल्यास कोणताही गैरसमज नाही.’

यातली शेवटची दोन वाक्ये गाळू नका, साहेबांनी सुचवले तरी.

वेळ नीट निवडा. जूनमध्ये शाळेची पुस्तके, छत्र्या, घरांची गळती. चतुर्थीच्या आधीचा महिना तर सगळ्यांचाच ओढाताणीचा. दिवाळी झाल्यावर १४ नोव्हेंबरच्या बालदिनापासून महिनाअखेरीपर्यंतचा काळ चांगला. दोन आठवडे पुरतात, तीन म्हणजे शेवट. त्याहून लांबलेल्या मोहिमेत लोक फलकाकडे बघायचे सोडतात.

संपल्यावर आठवड्याभरात एकूण रक्कम फलकावर लावा, कंपनीची भर वेगळी दाखवा. रुग्णालयाची एकत्रित पोच आली की तीही लावा. सहा महिन्यांनी पैसे कशावर खर्च झाले हे रुग्णालयाकडून दोन ओळींत मागा. रुग्णांची नावे न घेता ते कळवतात, आणि नाही कळवले तर पुन्हा विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क आहे. रक्कम तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी आली तर सहकाऱ्यांसमोर खंत व्यक्त करू नका आणि मुदतही वाढवू नका. तुम्हाला स्वतःला आणखी द्यायचे असेल तर गाजावाजा न करता दरमहा ठरावीक रक्कम पाठवा. समाजसेवा विभागाला एकदाच्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला येणाऱ्या छोट्या रकमेवर नियोजन करता येते.

आणि पैशांच्या पलीकडे एक गोष्ट तुम्हीच करू शकता. गोव्यातून पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या पालकांना कुठे उतरायचे, कोणते कागद घ्यायचे, आईने रात्री कुठे झोपायचे हे सांगणारे माणूस हवे असते, शक्यतो आपल्या भाषेत बोलणारे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला लिहून कळवा की अशा कुटुंबांना तुमचा नंबर द्यायला तुमची हरकत नाही. त्या पालकांची संमती घेऊनच ते देतील. फोन आला तर प्रवास, कागदपत्रे, राहणे यावर मोकळेपणाने बोला. मूल बरे होईल का, ऑपरेशन करावे का, हे प्रश्न निघाले तर डॉक्टरांकडेच वळवा, कारण त्यांच्या मुलाचे छिद्र तुमच्या मुलीसारखेच असेल असे नाही.